फर्मा

गांधीबागेतल्या बाइंडिंगखान्यात
मी पुस्तकं वाचते सोळा-सोळा पानं,
तीही मागचीपुढची.
घडी पडताना जेवढं दिसेल तेवढंच.
हाडाची पट्टी फिरते, ओळ निसटते,
कटिंगवरून भगत ओरडतो,
"वाचू नको वो दुर्पता, मोड!"

या महिन्यात पाच नवी आली.

जमील कुरेशींची रहस्यकथा, कोराडीची.
राखेच्या बंधाऱ्यात एक बूट सापडतो, नव्या तळव्याचा.
माझ्या हाती आधी बारावा फर्मा पडला,
म्हणून मारलं कोणी ते मला ठाऊक आहे,
मेलं कोण, ते नाही.

कुणा ओंकार बोकडेनं पुढच्या शतकातलं नागपूर लिहिलंय.
माणसं अंबाझरीच्या कोरड्या तळाखाली राहतात,
वर उन्हात राखणीला फक्त झिरो माईलचे चार घोडे.
पारा अठ्ठावन्नावर.
भगत म्हणाला, "यात नवीन काय हाये बाप्पा,
मे महिनाच त लिवला त्यानं."

कुमुदिनी निनावेंचं सावजी रश्श्यांचं.
मसाल्याच्या पानावर एक माप कोरं.
मला वाटलं छपाई उडाली, प्रेसमध्ये फोन केला.
बाईंनी मुद्दाम सोडलंय, कळलं.
सासूला शब्द दिलाय म्हणे.

फुलवंता मडावी देवलापारहून एसटीनं येते,
तिचा गोंडी-मराठी शब्दसंग्रह सगळ्यांत जाड,
सत्तावीस फर्मे, खळ पिऊन पिऊन फुगलेला.
दर शब्दापुढे तो सांगणाऱ्याचं नाव, गाव.
काही नावांवर बारीकशी चांदणी.
चांदणी म्हणजे काय ते शेवटच्या फर्म्यात असेल,
तो अजून छापून यायचाय.
मोजू नये म्हटलं तरी मी मोजते.
'झरा' या एका शब्दाला चार चांदण्या.

आणि मेडिकलमधल्या सिस्टर, छबू गजघाटे.
कविता. जेमतेम तीन फर्मे, तीनशे प्रती,
पैसे त्यांचेच, हप्त्यानं.

मंगळवारी लाइट गेली.
मोबाइलच्या उजेडात जुळणी केली,
आणि सिस्टरांचा दुसरा फर्मा
कुरेशींच्या खुनात शिरला.
कागद तोच, आकार तोच, कोणाला कळणार?
अकरा प्रती शिवून झाल्या.

सकाळी दोरा उसवताना
पहिल्यांदाच मी सलग वाचलं.
शहाण्णव पानावर इन्स्पेक्टर दार ढकलतो,
आत अंधार, काडेपेटी चाचपडतो,
आणि पुढचं पान सतरा:
*नवव्या खाटेचा थेंब थांबला*
*तेव्हा मी घड्याळ नाही बघितलं.*
*त्याच्या चपला सरळ केल्या,*
*जोडीनं, भिंतीकडे तोंड करून.*

त्या अख्ख्या कादंबरीत
(मी बघितलीत की पानं, तुकड्या-तुकड्यानं)
पंचनामा आहे, कुत्रं आहे, दोन जबाब आहेत,
मेलेल्याच्या उशाशी बसलेलं कोणी नाही.
चुकून का होईना, एक बाई येऊन बसली होती.

दहा प्रती उसवल्या.
भगतनं मोजलं, परत मोजलं.
"एक कमी भरते वो."
"रद्दीत गेली असन," मी म्हटलं
आणि डब्याची पिशवी पायानं आत सरकवली.

शनिवारी सिस्टर आल्या, ड्यूटीवरूनच,
अंगाला फिनेलचा वास.
रविवारच्या प्रकाशनाची पत्रिका दिली,
माझं नाव पेनानं लिहिलेलं.
मग आवाज खाली आणून विचारलं,
"तुम्ही वाचलं काय? कसं वाटलं?"

माझ्या बोटांवर खळ वाळली होती.
सांगावं वाटलं त्या चपलांचं, सतराव्या पानाचं,
पिशवीतल्या त्या अकराव्या प्रतीचं.

"टाके पक्के घातले," मी म्हटलं.

त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं,
अंगठ्यानं दोरा दाबून पाहिला,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळू,
दुखतं का असं विचारत असल्यासारखा.